राव्दना मावशी आणि खुणांची भिंत

राव्दना मावशी आमच्या केंद्रात कामाला लागली तेव्हा बावन्न वर्षांची होती, आणि गावातली निम्मी माणसं तिच्याशी पंचवीस वर्षं बोलत नव्हती. सिग्रिदला यातलं काहीच माहीत नव्हतं. सिग्रिद म्हणजे केंद्राची प्रमुख. दक्षिणेकडची, शिकलेली, कामाला वाघ. येणाऱ्याजाणाऱ्यांना पठार कळावं, पेंढा भरलेला का होईना, लांडगा आणि पांढरा कोल्हा काचेआड बघायला मिळावा, आणि आम्ही रेनडिअर पाळणारे लोक कसे जगतो तेही समजावं म्हणून हे केंद्र सरकारनं बांधलं होतं. तिला एक मोठी भिंत करायची होती. पठारावरच्या प्रत्येक घराण्याची कानखूण लाकडात कोरून त्या भिंतीवर लावायची. रेनडिअरच्या कानाला ज्या घराण्याचा छेद, त्या घराण्याचं जनावर, एवढंच आमच्याकडचं कागदपत्र. आणि तिच्या कानावर आलं होतं की साडेनऊशे खुणा तोंडपाठ असलेली एक बाई किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासळी साफ करते आहे.

"इस्सात, तू ओळखतोस तिला?" तिनं मला विचारलं. मी केंद्रात सुतारकाम बघतो, बर्फ हटवतो, हवं ते करतो.

"माझ्या आईची मावसबहीण आहे."

"मग घेऊन ये की."

"घेऊन येतो. पण तिनं काय केलंय ते आधी ऐकून घे."

मी सगळं सांगितलं. सिग्रिदची कॉफी गार झाली. मग तिनं विचारलं की ही बाई पुन्हा असं काही करेल का. मी म्हटलं, डोकं फुटायला आता तिला नवरा राहिलेला नाही.

तिला जे सांगितलं तेच इथं सांगतो.

मावशी सात वर्षांची असताना तिला निवासी शाळेत टाकलं. तिथं आपली भाषा बोलायला बंदी होती. पहिल्या आठवड्यात तिनं झोपेत आईला हाक मारली, आपल्या भाषेत. झोपेत माणूस दुसऱ्या कुठल्या भाषेत हाक मारणार? सकाळी तिथल्या बाईंनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तोंड गार पाण्याच्या कुंडीत दाबून धरलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वर काढलं तेव्हा मावशीनं त्यांचा अंगठा दातात धरला आणि हाडाला दात लागेपर्यंत सोडला नाही. त्यासाठी तिला बटाट्यांच्या तळघरात दोन दिवस कोंडलं. माझी आई तेव्हा त्याच शाळेत स्वयंपाकाला होती. ती सांगायची की राव्दना बाहेर आली तेव्हा दातांना माती लागलेली होती, कच्चे बटाटे खाल्ले होते, आणि कुणी विचारलं तर म्हणाली, अंगठ्यापेक्षा बरे होते.

सुट्टीत घरी आली की बापामागं कळपात. नवव्या वर्षी बापानं तिच्या हातात सुरी दिली आणि जनावर कसं मारायचं ते शिकवलं. आधी मानेमागं, मग काळजात. हात थरथरला तर जनावर तडफडतं, म्हणून थरथरायचा नाही. एवढीच शिकवण. ती हात न थरथरणारी बाई झाली.

बाविसाव्या वर्षी तिनं आइलूशी लग्न केलं. आइलू शांत माणूस. गाणं गुणगुणत कळपामागं फिरणारा, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारा. त्याचा चुलतभाऊ नीलास. दोघांच्या बापांनी उन्हाळी कुरण वाटून घेतलं होतं ते तोंडी, एका ओढ्यापासून एका खडकापर्यंत. बाप गेले आणि ओढ्यानं पात्र बदललं. नीलास म्हणे ओढा जिथं आहे तिथं हद्द, आइलू म्हणे जिथं होता तिथं. पाच वर्षं हे चाललं. आधी शब्दांनी, मग कुंपणाच्या तारा कापून, मग एकमेकांची कुत्री मारून. कुत्री दोन्हीकडची मेली, हे मावशी स्वतः सांगते. नीलासचं पहिलं कुत्रं तिनंच गोळी घालून मारलं होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात माद्या विणीला आल्या होत्या. त्या दिवसांत कळपाजवळ कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नाही. मादी दचकून पळाली तर पोटातलं पाडस जातं. भर दुपारी, लख्ख उन्हात, नीलास बर्फावरची स्कूटर घेऊन आला आणि कळपात घुसला. प्यायलेला होता. त्यानं माद्यांना तलावाच्या बाजूला पळवलं, वळवलं, पुन्हा पळवलं. काही पळता पळताच व्याल्या. काही उभ्याउभ्या कोसळल्या आणि तोंडातून लाल फेस आला. तलावावरचा बर्फ वितळायला लागलेला होता, तिथं अकरा जनावरं आत गेली. आइलू आणि मावशी दुसऱ्या टोकाला होते. पोचेपर्यंत तासभर गेला. तोवर नीलास खाली उतरून मेलेल्यांचे कान कापत होता, खूण राहू नये म्हणून. यांना बघून तो स्कूटरवर बसला आणि निघून गेला.

सदतीस माद्या. पाडसं कुणी मोजली नाहीत. मावशीनं तो सगळा दिवस आणि पुढचा दिवस अर्धमेल्या जनावरांना सुरीनं सोडवण्यात घालवला. कोपरापर्यंत तिच्या बाह्या रक्तानं कडक झाल्या होत्या, त्या तिनं नंतर चुलीत घातल्या. पोलीस दोन दिवसांनी आले, फोटो काढले, कॉफी प्यायले आणि म्हणाले की लांडग्यांनीही असं होऊ शकतं. मावशीनं विचारलं, लांडगा कान कापून खिशात घालतो का? ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

आइलूला कोर्टात जायचं होतं. मावशीला नव्हतं. तिचं म्हणणं, बंदूक आहे, नीलासचं घर माहीत आहे. आइलूनं बंदुकीचा घोडा काढून कुठंतरी लपवून ठेवला. ती त्याच्यावर इतकी चिडली की महिनाभर त्याचं जेवण वाढून उठून जायची, समोर बसायची नाही. या महिन्याबद्दल ती नंतर एकदाच बोलली, आणि लगेच उठून बाहेर गेली.

ऑगस्टमध्ये आइलू एकटा कुंपण दुरुस्त करायला गेला. संध्याकाळी नीलासच त्याला चारचाकी मोटारसायकलवर टाकून गावात घेऊन आला. डोक्याची डावी बाजू आत गेलेली. नीलासनं सांगितलं, उतारावर गाडी उलटली, हा दगडावर पडला, मी लांबून बघितलं आणि धावलो. आइलूची गाडी खरंच तिथं उलटी पडलेली होती. पण कुंपणाचा एक खांब नव्हता. मावशीनं तो तीन दिवस शोधला. मिळाला नाही.

आइलू वाचला. बोलणं मात्र गेलं. उजवा हात गेला. तो माणसांना ओळखायचा, रडायचा, आणि नीलासचं नाव काढलं की तोंडातून एकच आवाज यायचा, कुत्र्याला लाथ बसल्यावर येतो तसा. मावशी त्याला घेऊन पोलिसांकडे गेली आणि म्हणाली, हा बघा सांगतोय. ते म्हणाले, आवाज म्हणजे साक्ष नव्हे.

ऑक्टोबरात जनावरं निवडायला सगळी घराणी एकत्र येतात. मोठा गोल कोंडवाडा, आत हजारभर जनावरं गोल फिरत असतात, आणि जो तो आपली खूण बघून फास टाकतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, फाटकाचा दोर माझ्या हातात होता. सकाळचे दहा वाजले असतील. शंभरेक माणसं होती. पोरंबाळंही होती.

मावशी आत आली, दोर खांद्यावर. नीलास मधोमध उभा होता, पाठमोरा. तिनं फास टाकला तो थेट त्याच्या गळ्यात. आधी लोक हसले. फास चुकून माणसावर पडतो कधीकधी. मग तिनं दोर कमरेला वळसा देऊन ओढला आणि नीलास उताणा पडला. घाबरलेला कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी धावत होता, खुरांखालचा चिखल त्याच्या तोंडावर उडत होता. तिनं त्याला दहाबारा पावलं फरपटत नेलं. त्याचे हात गळ्याशी, चेहरा काळानिळा. मग ती छातीवर बसली, एक गुडघा त्याच्या हातावर, दुसरा मानेवर. जनावराला धरतात तसं. आणि सुरी काढली.

डाव्या कानाचं टोक तिनं एका छेदात उतरवलं. उजव्या कानाला मागच्या बाजूनं दोन खाचा दिल्या. आइलूची खूण. घाईत नव्हती ती. मोजून, नीट, कड स्वच्छ ठेवून. नीलासच्या किंकाळीनं कळप फुटला आणि कुंपण तोडून पार गेला. आपण का हललो नाही, हे त्या शंभर माणसांतला प्रत्येकजण आजही स्वतःला विचारतो. माझ्या हातात दोर होता. मी तो नुसता धरून राहिलो.

उठून तिनं सुरी बर्फात पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे आता आमच्या कळपातलं. कुणाला सापडलं तर घरी आणून सोडा."

चौदा महिने ती तुरुंगात होती. तेवढ्या काळात आइलूला माझ्या आईनं सांभाळलं. कळप विकावा लागला, कुरणाचा हक्क गेला. तिच्या माहेरच्यांनीही तोंड फिरवलं. म्हणाले, गोळी घातली असती तर समजलो असतो, पण माणसाला जनावर केलंस. सुटून आल्यावर तिनं आइलूला किनाऱ्यावर नेलं, कारखान्यात नोकरी धरली आणि त्याला नऊ वर्षं भरवलं, पुसलं, कूस बदलली. पंच्याण्णव साली तो गेला. शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हे ऐकूनही सिग्रिदनं तिला घेतलं.

मावशीनं भिंत करायला दोन वर्षं लावली. मी फळ्या तासून द्यायचो, ती कोरायची. नीलासच्या घराण्याची खूण आली तेव्हा मी फळी बाजूला ठेवली. ती म्हणाली, "का रे? त्यांच्या बापजाद्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" आणि तीही तितकीच नीट कोरली. आइलूच्या खुणेच्या शेजारी लावली, कारण दोन्ही घरांचं मूळ एकच.

पाहुणे आले की ती त्यांच्या हातात जाड लोकरी कापडाचे कान आणि बोथट सुऱ्या द्यायची आणि छेद शिकवायची. फार बोलायची नाही. कुणी विचारलं, जनावराला दुखतं का, तर म्हणायची, हो.

तेरा सालच्या हिवाळ्यात आमच्याच एका हंगामी वाटाड्यानं दक्षिणेच्या एका पत्रकाराला ती जुनी हकिगत सांगितली. बियरच्या नादात. ती चघळून चघळून छापली गेली. मग पाहुणे केंद्रात येऊन विचारायला लागले, ती कान कापणारी बाई हीच का? आणि तो कान कापलेला कुठं राहतो? एक जोडपं दुकानाबाहेर नीलासला गाठून म्हणालं, टोपी काढता का, एक फोटो हवाय. तो तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. त्यानं टोपी काढली नाही. खाली मान घालून घरी गेला आणि पंधरा दिवस बाहेर पडला नाही.

त्याचा मुलगा माहत्ते. बापाचे कान कापले तेव्हा पाच वर्षांचा होता, कोंडवाड्याच्या कुंपणावर बसलेला. शाळेत त्याला पोरं कान धरून विचारायची, तू कुणाच्या कळपातला? त्याला घरी सांगितलेलं असं की राव्दना वेडी आहे, नवरा गाडीवरून पडला त्याचा राग तिनं तुझ्या बापावर काढला.

ईस्टरच्या आठवड्यात, बाराच्या सुमाराला, तो कुऱ्हाड घेऊन केंद्रात आला. आत तीसेक पाहुणे होते. पहिला घाव त्यानं लांडग्याच्या काचेवर घातला. काच पावसासारखी कोसळली, लांडग्याचं मुंडकं तुटून फरशीवर घरंगळत गेलं, माणसं किंचाळत दाराकडे धावली. एका म्हाताऱ्याच्या गालातून रक्त वाहत होतं. माहत्ते सरळ भिंतीकडे गेला आणि फळ्या फोडायला लागला. दोन वर्षांचं काम. ढलप्या माझ्यापर्यंत उडत होत्या.

मावशी त्याच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिली.

"हो बाजूला, म्हातारे."

"मला मार. त्या नऊशे लोकांनी तुझं काही केलेलं नाही."

त्यानं कुऱ्हाड फिरवली. पातं नव्हे, मागची बाजू. तिनं उजवा हात मधे घातला आणि हाड मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. ती पडली नाही. टेबलावर पाहुण्यांनी हाताळायला ठेवलेलं शिंग होतं, ते डाव्या हातानं उचलून तिनं त्याच्या तोंडावर हाणलं. शिंगाचं टोक गालातून आत गेलं आणि दोन दात घेऊन बाहेर आलं. तो गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी माहत्तेच्या अंगावर पडलो होतो, आणि तो घाव माझ्या खांद्यावर बसला. अजून थंडीत दुखतो.

मी माहत्तेला दाबून धरलं होतं, तो माझ्याखाली रक्त थुंकत होता, शिव्या देत होता. पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात दारातून नीलास आला. समोरच्या दुकानातून कुणीतरी त्याला बोलावलं होतं. काठी टेकत तो काचांवरून चालत आला, मुलाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. तिच्या हातात शिंग तसंच होतं, दुसरा हात कोपराखाली भलतीकडे वळलेला.

नीलासनं टोपी काढली. कान मी एकोणतीस वर्षांनी पाहिले. डाव्याला टोक नव्हतं, उजव्याला दोन खाचा. कडा स्वच्छ.

"माहत्ते," तो म्हणाला, "आइलू पडला नव्हता. मी खांब उपटला आणि मारला. मागून मारला. गाडी नंतर ढकलली."

 माहत्तेचं अंग माझ्याखाली एकदम ढिलं पडलं.

"खांब तळ्यात टाकला," नीलास पुढं म्हणाला, आता मावशीकडे बघून. "तू शोधत होतीस तेव्हा मी बघत होतो."

मला वाटलं ती आता त्याला मारून टाकेल. दोघांमधे हातभर अंतर होतं. शिंगाला रक्त होतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अठरा वर्षं उशीर केलास. त्याला ऐकायचं होतं हे. मला नाही." मग शिंग टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली आणि तिथंच तिची शुद्ध हरपली.

माहत्तेला दोन वर्षांची शिक्षा झाली. नीलासनं पोलिसांनाही तेच लिहून दिलं, पण गुन्ह्याची मुदत संपली होती, त्याला घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात तो तळ्यात जाळं टाकायला गेला आणि होडी रिकामी परत आली. पडला की उतरला, कुणी सांगू शकत नाही. मावशी दफनाला गेली नाही. गावातली माणसं तिच्याशी बोलायला लागली होती, दारात कॉफी आणि सुकं मांस घेऊन यायची. तिनं मांस घेतलं. माणसांना आत घेतलं नाही. मला म्हणाली, "तीस वर्षं यांना माहीत होतं, इस्सात. तो लांडगा नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं."

हात जुळला, पण बोटं मिटत नाहीत. सुरी धरता येत नाही. सिग्रिदनं भिंत दुरुस्त करायला दक्षिणेहून कारागीर आणले, मावशी त्यांच्या मागं उभी राहून एकेक छेद सांगायची, आणि काम संपल्यावर तिनं राजीनामा दिला. आता ती तलावाकाठी लहानशा घरात राहते. बर्फाला भोकं पाडून एका हातानं जाळं ओढते, दोर दातात धरून.

माहत्ते सुटून आलाय. पलीकडच्या काठाला राहतो, गाल आत गेलेला, बोलतो ते नीट कळत नाही. दोघांची कधी गाठ पडलेली मी पाहिली नाही. गेल्या मार्चमध्ये मी तिच्याबरोबर बर्फावर बसलो होतो. लांबून स्कूटरचा आवाज आला. मावशीनं जाळं पायाखाली दाबलं, उभी राहिली आणि आवाजाकडे तोंड करून थांबली. तोच होता. तो लांबूनच वळसा घालून गेला. आवाज पार विरला तरी ती उभीच.

मी म्हटलं, मावशी, बस आता, गेला तो.

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ उभी राहून मग जाळ्याकडे वळली. सहा मासे होते. चार मला दिले.